झाकणाच्या आतला कागद

लातुरात गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत शेख जिलानी यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आठ बाय दहाची खोली, समोर फळ्यांचा दरवाजा, आत छतापर्यंत रचलेले सेट. दुकानाला पाटी नव्हती. पाटीची गरजही नव्हती, कारण ‘रेडिओवाले जिलानीभाई’ म्हटलं की गोलाईतला कुठलाही हमाल माणसाला दारात आणून सोडायचा.

जिलानीभाई मूळचे नांदेडचे. तिथे इतवारा भागात एका उस्तादाकडे ते सात वर्षं काम शिकले. उस्तादांची एक शिस्त होती. सेट दुरुस्त झाला की झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवायचा. काय बिघडलं होतं, काय बदललं, कुठली तार कुठे जाते, याचा हाताने काढलेला नकाशा त्यावर असायचा आणि खाली नाव, गाव, तारीख. “उद्या हा सेट हदगावात जाऊन बंद पडला, तर तिथल्या मिस्त्रीनं काय आंधळ्यासारखं चाचपडावं?” असं उस्ताद म्हणत. त्या गल्लीत दुरुस्तीची चार दुकानं होती आणि चौघं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायला टपलेले असत. पण दुसऱ्याचा कागद फाडला, असं कुणी कधी केलं नाही.

१९७८ साली लग्न झालं आणि सासुरवाडीच्या आधाराने जिलानीभाई लातूरला आले. शिस्त सोबत आली.

“सगळंच लिहून देता,” बायको शकिला म्हणायची. “गिऱ्हाईक परत येईल कशाला?”

“न का येईना. सेट तर बोलंल.”

१९९३च्या सप्टेंबरअखेर पहाटे भूकंप झाला. लातूर शहर वाचलं, पण दक्षिणेकडची गावं बसली. तिसऱ्या दिवशी तहसिलीचा शिपाई दुकानात आला. एका गावच्या माळावर माणसं गोळा केली आहेत, नावं पुकारायची आहेत, कर्णा आणि मशीन घेऊन चला, म्हणाला. जिलानीभाईंनी अॅम्प्लिफायर, बॅटरी, कर्णा जीपमध्ये टाकला. मुलगी इकरा तेव्हा तीन वर्षांची होती. तिला शकिलाच्या कडेवर देऊन ते गेले.

माळावर धोंडप्पा नावाचे तलाठी यादी घेऊन उभे होते. ते नाव पुकारायचे. माणूस असला की “हाय” म्हणायचा आणि तलाठी खूण करायचे. पण बऱ्याच नावांना कुणीच बोलत नव्हतं. तलाठी भला माणूस. ते थांबायचे, पुन्हा पुकारायचे, पुन्हा थांबायचे. तासाभरात यादीचं एक पानही उलटलं नाही. कर्ण्यातून निघालेलं नाव माळावर फिरायचं आणि सगळे खाली मान घालून बसायचे.

मग तुळजाबाई नावाची साठीची बाई उठून कर्ण्यापाशी आली. केसांत अजून माती होती. म्हणाली, “सायेब, जो बोलत न्हाई त्याच्यासाठी खोळंबू नगा. त्याच्या शेजाऱ्याला इचारा. शेजाऱ्याला ठाव असतंय.”

त्यानंतर यादी सरकायला लागली. नाव निघायचं, कुणी बोलायचं नाही, आणि लगेच बाजूच्या घरातला माणूस सांगायचा, “गेले.” तुळजाबाईने एकटीने आपल्या गल्लीतल्या अकरा नावांची उत्तरं दिली. अकरावं नाव तिच्या लेकाचं होतं. तेही तिनेच सांगितलं. त्या वेळी जिलानीभाई कर्ण्याची वायर हातात धरून तिच्यापासून दोन हातांवर उभे होते. घरी आल्यावर त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. पुढे तेरा वर्षं सांगितलं नाही.

मधल्या काळात लातूर बदललं. दहावी-बारावीच्या निकालात लातूरची पोरं वर यायला लागली आणि जिल्ह्याजिल्ह्यातून विद्यार्थी येऊ लागले. जळकोटपासून परभणीपर्यंतचे बाप ट्रंका घेऊन बस स्टँडवर उतरत. घराघरावर ‘मुलींसाठी रूम’च्या पाट्या लागल्या, गोदामांचे क्लास झाले. रेडिओ कमी झाले, टीव्ही स्वस्त झाले, दुरुस्ती घटली. जिलानीभाई क्लासवाल्यांचे माइक आणि स्पीकर बघायला लागले.

त्यातच श्रीमंत सर भेटले. भौतिकशास्त्राचा त्यांचा क्लास होता, एका बॅचला सव्वाशे पोरं. २००६च्या उन्हाळ्यात सर दुकानात येऊन बसले.

“जिलानीभाई, मी विचारतो, समजलं का? सव्वाशे जण एका सुरात ओरडतात, हो सर. आणि पेपरात बोंब. कुणाला समजलं न्हाई ते मला तिथल्या तिथं कळंल असं काही करता येईल का?”

जिलानीभाईंनी दोन महिने घेतले. बाकांखालून दोनच तारा नेल्या आणि त्यांवर प्रत्येक पोरासाठी एक छोटा डबा बसवला. डब्याला अ, ब, क, ड अशी चार बटणं. सरांच्या टेबलावर मोठा डबा. मोठा डबा टिक टिक करत आकडे मोजायचा आणि आपला आकडा आला की छोटा डबा आपलं उत्तर सांगायचा. शाळेच्या हजेरीसारखंच. तारांना कथलाचा डाग द्यायला इकरा बसायची. ती तेव्हा अकरावीत होती आणि तिचा हात बापापेक्षा स्थिर होता.

अडचण एकच आली. पोरगं गैरहजर असलं आणि डबा बंद राहिला, की मोठा डबा त्याच्यासाठी थांबून राहायचा. पुढचे सगळे खोळंबायचे.

“अब्बा, हा बोलतच न्हाई, तर पुढं कसं जायचं?” इकराने विचारलं.

जिलानीभाई बराच वेळ कथलाच्या तारेचं वेटोळं बोटाभोवती फिरवत बसले. मग त्यांनी तिला माळावरची गोष्ट सांगितली. तुळजाबाईची, यादीची, अकराव्या नावाची. सांगून झाल्यावर म्हणाले, “शेजाऱ्याला बोलू दे.”

त्यांनी तसंच केलं. प्रत्येक डबा आपल्या पुढच्या डब्यावर कान ठेवायचा. पुढचा बोलला नाही, की हाच त्याच्या वतीने सांगायचा, तो नाही. त्या वेळी त्याचा लाल दिवा दोनदा लुकलुकायचा. पुढच्या फेरीपासून मोठा डबा तो आकडा सोडून जायचा. सव्वाशे पोरांची उत्तरं चार सेकंदांत यायला लागली. सरांनी दुकानात पेढे वाटले. आणि प्रत्येक डब्याच्या झाकणात कागद लागला, त्यावर नकाशा आणि खाली, ‘शेख जिलानी, लातूर, १४ ऑगस्ट २००६’.

ते डबे सहा वर्षं चालले. २०१२मध्ये श्रीमंत सर हृदयविकाराने गेले, क्लास बंद पडला आणि डबे त्यांच्या भावाच्या माळ्यावर पडले.

त्याच वर्षी इकरा नांदेडहून इंजिनिअर होऊन पुण्याच्या एका कंपनीत लागली. सुरुवातीला ती रोज फोन करायची. जिलानीभाई विचारायचे, “आज काय जोडलंस?” आणि दोघं अर्धा तास बोलायचे. शकिला चिडायची, “पोरगी जेवली का ते कुणी विचारत न्हाई!” दोन वर्षांनी ती कंपनीच्या नव्या विभागात गेली आणि एक दिवस म्हणाली, “अब्बा, आता कामाचं काही सांगता येणार नाही. गुप्ततेच्या कागदावर सही घेतली आहे.”

“मला बी न्हाई?”

“घरीसुद्धा नाही.”

जिलानीभाई एकदा पुण्याला गेले तेव्हा त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. दारातच फोन काढून घेत होते. आत जाणाऱ्याच्या गळ्यात कार्ड, आणि ते कार्डही आतल्या सगळ्या दारांना चालत नाही, असं पहारेकऱ्याने सांगितलं. एका खोलीतल्याला दुसऱ्या खोलीत काय चाललंय ते माहीत नसायचं. बाप म्हणून त्यांना फाटकापर्यंतच जाता आलं. बाहेरच्या टपरीवर इकराने चहा पाजला. बोलणं तिच्या रूमबद्दल, तिथल्या पाण्याबद्दल आणि शकिलाच्या गुडघ्याबद्दल झालं. परतीच्या गाडीत ते स्वतःशीच म्हणाले, मोठ्या कामाचं असंच असतं. पण फोनवर ‘आज काय जोडलंस’ विचारायचं त्यांनी सोडलं.

२०१६च्या जूनमध्ये एका मोठ्या क्लासचे कारकून शेषेराव पिशवीत सहा यंत्रं घेऊन आले. हातात मावणारी, बिनतारी, चार बटणांची.

“चाचा, बंद पडलेत. पण उघडू नका म्हणतेत कंपनीवाले. नवीनच घ्या म्हणतेत.”

“मग माझ्याकडं कशाला आणले? ओवाळायला?”

शेषेराव हसले. जिलानीभाईंनी स्टिकर फाडून एक यंत्र उघडलं. आत सर्किटच्या पाटीवर काळा, दगडासारखा घट्ट थर ओतलेला होता. जिथे चिप उघडी होती, तिथे तिच्यावरचा नंबर घासून काढलेला होता.

“अस्सं का केलंय?” शेषेरावांनी विचारलं.

“दुसऱ्या कंपनीनं बघून नक्कल करू नये म्हणून.” जिलानीभाईंनी यंत्र उजेडात धरलं. “मिस्त्रीलाच चोर समजून राहिलेत.”

त्यांना दुरुस्ती जमली नाही. बाकीची यंत्रं कशी चालतात ते तरी बघू, म्हणून ते शेषेरावांबरोबर क्लासला गेले. वर्ग रिकामा होता. शेषेरावांनी एका रांगेतली दहा यंत्रं चालू केली. जिलानीभाईंनी मधलं एक बंद केलं. त्याच्या अलीकडच्या यंत्राचा लाल दिवा लुकलुकला. दोनदा.

त्यांनी ते चालू केलं, दुसरं बंद केलं. पुन्हा अलीकडच्याचा दिवा. दोनदा. मग त्यांनी यंत्र उलटं करून कंपनीचं नाव वाचलं आणि बाकावर खाली बसले.

त्या दिवशी त्यांच्या मनात राग किंवा संशय काहीच आला नाही, फक्त आनंद झाला. दुपारची जेवणाची सुट्टी होती, इकरा फाटकाबाहेर असणार; रस्त्यावर येऊन त्यांनी तिला फोन लावला. “बेटा, तुझ्या कंपनीचा डबा बघितला! हजेरी आपलीच हाय की! दिवा बी दोनदाच ठेवलास!”

पलीकडून इकरा म्हणाली, “अब्बा, फोनवर नको.” आणि फोन बंद झाला.

जिलानीभाईंना वाटलं, कुणी साहेब बाजूला असेल. आनंद पोटात मावत नव्हता. तेव्हा संध्याकाळी त्यांनी चहाच्या हॉटेलात सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेषेरावांना सांगितलं. मशिदीच्या पायऱ्यांवर सांगितलं. जे यंत्र देशभर विकलं जातंय, त्याची युक्ती २००६ साली या गल्लीत झाली, माझ्या हाताने झाली, पोरीने पुढे नेली. “खोटं वाटतं? श्रीमंत सरांच्या भावाकडं जा. झाकण उघडा. आत तारीख हाय.” चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी स्वतःची तारीफ अशी कधीच केली नव्हती. महिनाभर मात्र मनमोकळी केली.

जुलैच्या अखेरीला इकरा न सांगता आली. सकाळी बसमधून उतरून ती घरी न जाता थेट दुकानात आली आणि लहानपणी बसायची त्या स्टुलावर बसली.

“अब्बा, हैदराबादच्या एका कंपनीचा माणूस तुमच्याकडे येणार आहे.”

“येऊ दे. चहा पाजू.”

“ऐकून घ्या आधी.”

तिने सांगितलं. कंपनीची यंत्रं तीनशेच्या वर्गात अडकत होती. सहा महिने पाच इंजिनिअर डोकं फोडत होते. एका बैठकीत तिच्या तोंडून निघालं, शेजाऱ्याला बोलू द्या. साहेबाने खूश होऊन टेबल वाजवलं. कंपनीने पेटंटचा अर्ज केला. पेटंट मिळालं की वीस वर्षं ती युक्ती दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही. अर्जापूर्वी वकिलाने तिला विचारलं होतं, हे याआधी कुठे, कुणी, उघडपणे वापरलंय का? कारण वापरलेलं असेल तर पेटंट मिळत नाही.

“तू काय म्हणालीस?”

“नाही म्हणाले.” इकरा स्टुलाच्या कडेकडे बघत होती. “तसं लिहूनही दिलं. सर गेले होते, क्लास बंद झाला होता. वाटलं, ते डबे केव्हाच भंगारात गेले असतील. आणि अब्बा, तिथं सगळे आयआयटीचे, परदेशात शिकलेले. त्यांच्यासमोर म्हणायचं, माझ्या वडिलांनी गोलाईत... माझी जीभच रेटली नाही.”

जिलानीभाईंनी डाग द्यायची चालू सोल्डर-गन बंद केली.

“आता हैदराबादवाल्यांनी हरकत घेतलीय,” ती म्हणाली. “त्यांचा विक्रीचा माणूस लातुरात फिरतो. त्याने तुमचं बोलणं ऐकलं. त्यांना डबा मिळालाय. पण नुसत्या डब्याने भागत नाही, कागदावर तारीख कुणीही घालू शकतो. क्लासातल्या पोरांनी नुसती बटणं दाबली; आत हे कसं चालतं ते सांगायला, ज्याने बनवला त्याचं प्रतिज्ञापत्र हवं. तुम्ही सही केली, तर पेटंट जाईल. आणि मी खोटं लिहून दिलं हे उघडं होईल. मग ही नोकरी जाईल आणि या धंद्यात दुसरीही मिळणार नाही. दावा करतील तो वेगळा.”

“माझ्याच दुकानातली गोष्ट, आणि मलाच सांगायची न्हाई,” जिलानीभाई म्हणाले. चिडून नाही, हिशोब लागत नसल्यासारखं.

“मी तुम्हाला काही करा म्हणत नाही, अब्बा. तुम्ही खरं तेच सांगा. मी फक्त येऊन सांगितलं.”

“जेवलीस का?” त्यांनी विचारलं. या घरात हा प्रश्न नेहमी शकिला विचारायची.

इकरा दुपारच्या बसने परत गेली. शकिलाला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “सगळीकडं बोंबलत कशाला फिरलात?” 

चौथ्या दिवशी माणूस आला. सुदर्शन नाव, तिशीचा, बोलायला गोड. रस्ता दाखवायला शेषेराव सोबत होते. सुदर्शनने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. कागद पिवळा पडला होता, पण शाई शाबूत होती.

“हे अक्षर तुमचंच ना, चाचा?”

जिलानीभाईंनी चष्मा लावला. “माझ्यासारखं हाय.”

“खाली नाव आहे. शेख जिलानी, लातूर.”

“लातुरात शेख जिलानी किती हायत, ठाव हाय का? आमच्या मशिदीत हाक मारली तर तिघं उठतेत.”

सुदर्शन हसला. “पण हा डबा तुम्ही बनवलात, हे महिनाभर तुम्हीच सांगत होता. आम्हाला फक्त तेवढंच लिहून हवंय. तुमचंच नाव होईल. खरं तर हा तुमच्यावर अन्याय झालाय.”

“मी न्हाई बनवला.”

शेषेराव पुढे वाकले. “चाचा? अहो, क्लासात माझ्यासमोर तुम्ही...”

“म्हातारा मानूस हाय, शेषेराव. पोरीच्या कंपनीचा डबा बघितला. म्हटलं, आपन बी जरा मोठं होऊन बघावं.”

“म्हंजे महिनाभर आम्हाला उल्लू बनवलं?”

“हाव. बनवलं.”

सुदर्शनने डबा त्यांच्यासमोर सरकवला. “बरं, मग हा चालतो कसा ते तरी सांगाल?”

डब्याच्या आत एक तार डागापासून सुटली होती. निळी, दुसऱ्या बटणाची. जिलानीभाईंचा उजवा हात आपोआप तिकडे निघाला. त्यांनी तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

“मला रेडिओतलं कळतं,” ते म्हणाले. “ह्यातलं न्हाई.”

सुदर्शन आणखी दोनदा आला. त्यानंतर आला नाही. हरकत पुराव्याअभावी टिकली नाही.

गल्लीत मात्र गोष्ट राहिली. हॉटेलात जिलानीभाई आले की कुणीतरी म्हणायचं, “चाचा, मोबाइल बी तुम्हीच काढला म्हनं?” आणि हशा व्हायचा. जिलानीभाईही हसायचे. एका गिऱ्हाइकाने पंखा दुरुस्तीला देताना विचारलं, “खरंच जमतंय ना, का उगंच म्हनताव?” चाळीस वर्षांत असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. २०१८च्या दिवाळीनंतर त्यांनी दुकान बंद केलं. डोळे साथ देत नाहीत, असं सांगितलं.

पुढच्या वर्षी पेटंट मिळालं. बकरी ईदला इकरा आली तेव्हा तिच्या बॅगेत त्याचा छापील कागद होता, वीस-बावीस पानांचा. जेवणं झाल्यावर ती बापाच्या पलंगाच्या कडेला बसली.

“अब्बा, आता बोलता येतं. पेटंटचं सगळं छापून येतं. कुणीही वाचू शकतं. हे बघा, आकृत्याही आहेत.”

जिलानीभाईंनी पानं उलटली. आकृत्या नीट होत्या, रेघा सरळ होत्या. पहिल्या पानावर शोध लावणाऱ्यांची तीन नावं होती. तिसरं इकराचं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली.

“अब्बा, मला माहीत आहे हे कुणाचं...”

“इकरा.” त्यांनी तिला पुढे बोलू दिलं नाही. “मी त्या मानसाला काय सांगितलं, ठाव हाय ना? मग घरात बी तेच. घरात एक, भाईर एक ठेवलं की कधीतरी तोंडातून निसटतंय. माझं एकदा निसटलंच की.”

“घरात कोण आहे ऐकायला?”

“मी हाय ना.” त्यांनी कागद तिच्या मांडीवर ठेवला आणि उशीला टेकून बसले. “मला रेडिओतलं कळतं, बेटा. हे कसं चालतं ते तू मला समजावून सांग. पहिल्यापासून.”

इकराने त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. शकिला दारात येऊन उभी राहिली होती, ती परत आत गेली.

मग इकराने सांगायला सुरुवात केली. मोठं यंत्र आकडे कसे पाठवतं, प्रत्येक छोटं यंत्र आपला आकडा येईपर्यंत कसं थांबतं. जिलानीभाई लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच “अस्सं?” म्हणत होते, “म्हंजे शाळेच्या हजेरीसारखं?” असं विचारत होते. ती “हो” म्हणत होती. एकेक पान उलटत ती सातव्या आकृतीपर्यंत आली, बंद पडलेल्या यंत्रापर्यंत, आणि तिने कागद खाली ठेवला.

जिलानीभाईंनी त्या आकृतीवर बोट ठेवलं.

“मग?” ते म्हणाले. “तो बोलत न्हाई, मग पुढं काय करता तुम्ही?”